उन्हाळ्यात पातळ होणारे मॅग्नेशियम क्लोरेट : बाटली खराब झाली असे समजावे का, आणि हे मीठ कपाशीवर चालते का?

अनेरकाठ (शिरपूर तालुका)

नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करते. रसायनांच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर दोन बाटल्या आहेत. माझ्या आधीच्या कोणीतरी त्या मागवून ठेवल्या असाव्यात, कारण मी आल्यापासून एकाही प्रात्यक्षिकाला त्या लागलेल्या नाहीत. एकीवर ‘मॅग्नेशियम क्लोरेट हेक्साहायड्रेट’ असे लिहिले आहे आणि दुसरीवर ‘बेरियम क्लोरेट मोनोहायड्रेट’.

जानेवारीत साठ्याची पडताळणी करताना पहिल्या बाटलीत पांढरे खडे होते आणि बाटली हलवली की ते खडखड वाजत होते. मे महिन्यात कपाट उघडले तेव्हा त्याच बाटलीत तेलासारखा दाट, पण पाण्यासारखा स्वच्छ द्रव दिसला. थोडा द्रव बुचाच्या कडेने पाझरून फळीवर उतरला होता आणि लाकडावर वाटीएवढा ओला डाग पडला होता. आमच्या शिपाईमामांनी तो सुती फडक्याने पुसला आणि फडके तसेच खिडकीच्या गजावर वाळत टाकले. दुसऱ्या दिवशी ते पापडासारखे कडक झालेले होते. जुन्या नोंदवहीत ‘उन्हाळ्यात पातळ होते, थंडीत गोठते’ अशी पेन्सिलीने लिहिलेली एक ओळही मला सापडली, म्हणजे हा प्रकार नवा नाही.

आता माझा प्रश्न असा, की बाटलीतील पदार्थ बिघडला आहे असे समजायचे, की हा त्याचा स्वभावच आहे? बेरियमच्या बाटलीला त्याच फळीवर, त्याच उन्हाळ्यात काहीच का झाले नाही? याला आणखी एक फाटा फुटला आहे. माझ्या दिरांची सहा एकर कपाशी आहे. परदेशात हेच मीठ फवारून कपाशीची पाने गाळतात असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि आता ते म्हणतात, “वहिनी, ती बाटली टाकून देऊ नका, दोन सऱ्यांवर मारून पाहू.” मी बाटली दिलेली नाही, पण नाही म्हणण्याचे नेमके कारणही मला सांगता आलेले नाही.

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर)

ताई, बाटली दिली नाहीत हे उत्तम केलेत. कपाशीचे शेतकऱ्यांनीच सांगावे. मी बाटलीपुरते लिहितो, कारण तिने दाखवलेली गोष्ट वर्गात दाखवण्याजोगी आहे.

मॅग्नेशियम क्लोरेट बिघडलेले नाही, ते स्वतःच्याच पाण्यात वितळले आहे. या मिठाच्या प्रत्येक सूत्रएककामागे पाण्याचे सहा रेणू स्फटिकात बांधलेले असतात. सूत्रभार साधारण २९९ आणि त्यात पाण्याचा वाटा १०८, म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या दिसणाऱ्या खड्यांमध्ये सुमारे छत्तीस ग्रॅम पाणीच असते. अंदाजे ३५ अंश सेल्सिअसला स्फटिकाची चौकट सुटते आणि मोकळे झालेले पाणी मिठाला तिथल्या तिथे विरघळवून टाकते. हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे परीक्षानळीत हलके तापवले की ४८ अंशांच्या आसपास अचानक पाणी होतात, हा प्रयोग तुम्ही विद्यार्थ्यांना दाखवला असेल. इथे तोच प्रकार तेरा अंश खाली घडतो. खान्देशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज टेकतो आणि बंद कपाटातही दुपारी पस्तीसच्या खाली काही राहत नाही. त्यामुळे आपल्याकडे ही बाटली दर उन्हाळ्यात पातळ झाली नाही तरच नवल.

अनेक जण या ठिकाणी दोन गोष्टींची गल्लत करतात. हे मीठ हवेतील ओलही ओढून घेते, इतकी की उघडे ठेवल्यास त्याचे पाणी पाणी होते. मात्र हे लक्षण जुलै-ऑगस्टचे आहे. मेमध्ये आपल्याकडची हवा ओठ फुटतील इतकी कोरडी असते, त्यामुळे तेव्हाच्या द्रवाचे श्रेय उष्णतेला द्यावे लागते. तुमच्या नोंदवहीतील पेन्सिलीची ओळ हाच पुरावा आहे: बाटलीने केवळ हवेतील पाणी पिऊन द्रव केला असता, तर तो थंडीत इतक्या सहजपणे पुन्हा खडखडीत गोठला नसता. ज्याने ती ओळ लिहिली त्याला माझा नमस्कार सांगा, अशा नोंदी आता कोणी करत नाही.

बेरियमला काही का झाले नाही, याचे उत्तर आयनाच्या, म्हणजे मिठातील प्रभारित कणाच्या, आकारात आहे. मॅग्नेशियमचा आयन लहान आणि त्यावर दोन धनप्रभार, त्यामुळे पाण्याचे रेणू तो घट्ट धरतो आणि भोवती सहा जमवून बसतो. बेरियमवरचा प्रभार तेवढाच असला तरी आयन बराच मोठा, म्हणून त्याची पाण्यावरची पकड सैल. त्याच्या क्लोरेटमध्ये एकच रेणू पाणी असते, वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि तेही शंभर अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय जात नाही. कॅल्शियम क्लोरेट या दोघांच्या मध्ये, दोन रेणूंचे. सोडियम आणि पोटॅशियम यांची क्लोरेटे तर नेहमीच्या स्थितीत निर्जलच असतात, आणि आगपेटीच्या काडीवरच्या गुलात पोटॅशियम क्लोरेटच वापरले जाण्यामागे ते ओल धरत नाही हे एक मोठे कारण आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. ‘पाणी उडवून पुन्हा कोरडे करून ठेवू’ असा विचार कोणाच्या मनात आला तर त्याला थांबवा. मॅग्नेशियम क्लोरेट तापवून निर्जल करता येत नाही, कारण पाणी जाता जाता मीठच फुटू लागते आणि ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही बाहेर पडतो.

सातपुडा (नंदुरबार)

मास्तरांचे विवेचन आवडले. माझा एक साधा तर्क आहे. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाणी ज्या मिठात आहे, ते आगीच्या दृष्टीने सोडियम क्लोरेटपेक्षा पुष्कळच निर्धोक असले पाहिजे. पाण्यानेच आग विझते, मग हे मीठ आपले पाणी सोबतच घेऊन फिरते असे म्हणायला काय हरकत आहे? फडक्याची एवढी काळजी करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

गिरणा (जळगाव)

सातपुडा भाऊ, तुमचा तर्क बाटली बंद असेपर्यंतच चालतो. मी औद्योगिक वसाहतीत सुरक्षा विभागात काम करतो, म्हणून या धाग्यात मला सर्वांत भय वाटले ते खिडकीच्या गजावर वाळलेल्या त्या फडक्याचे.

क्लोरेट स्वतः जळत नाही. त्याच्या रेणूत क्लोरीनला तीन ऑक्सिजन बांधलेले असतात आणि जळणाऱ्या वस्तूला ते ऑक्सिजन पुरवते. सोडियम क्लोरेटमध्ये वजनाच्या सुमारे ४५ टक्के ऑक्सिजन या कामाला येतो. मॅग्नेशियमच्या सजल मिठात, पाण्यातला ऑक्सिजन सोडून मोजला, तर ३२ टक्के. हा फरक खरा आहे आणि खड्यांच्या रूपात पाणी थोडी धग शोषूनही घेते, इथवर तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पण नेमके हेच पाणी त्या मिठाला पस्तीस अंशांवर द्रव बनवते. सोडियम क्लोरेटचे कोरडे दाणे फडक्यावर सांडले तर झटकून गोळा होतात, हा द्रव मात्र सुताच्या तंतूत, लाकडाच्या रेषांत, पुठ्ठ्याच्या थरांत मुरतो. मग आपल्याकडचे ऊन लागले की कापूस आणि क्लोरेट इतके एकजीव होतात, की हाताने मिसळूनही तसे करता आले नसते. ते पापडासारखे कडक झालेले फडके म्हणजे ज्वलनशील पदार्थ आणि ऑक्सिजन हे दोन्ही एकाच घडीत आहेत. त्याला ठिणगी लागली, किंवा ते जोराने घासले गेले, तरी ते झटक्यात पेटू शकते, आणि ते हवेवर अवलंबून नसल्यामुळे झाकून विझणार नाही.

न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात गवताळ कुरणांवर रॅगवर्ट नावाचे तण माजले होते आणि तिथल्या कृषी खात्याच्या सल्ल्यावरून शेतकरी सोडियम क्लोरेटचे पाणी फवारत होते. फवारताना विजारी भिजायच्या, संध्याकाळी शेकोटीसमोर वाळत टाकल्या जायच्या आणि अचानक पेट घ्यायच्या. एका शेतकऱ्याची विजार १९३१ मध्ये अशीच विस्तवासमोर स्फोट होऊन उडाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ऐकायला विनोदी वाटते, पण ती विजार सुती होती, आणि आपला जिल्हा सुताचाच आहे.

ताई, आता नेमके काय करावे ते लिहितो. फडके कोरडे असताना उचलू, चुरगळू किंवा झटकू नका. आधी ते आहे तिथेच पाणी शिंपडून पूर्ण ओले करा, मग रबरी हातमोजे घालून प्लास्टिकच्या बादलीत भरपूर पाण्यात बुडवा आणि पाणी बदलून तीन-चार वेळा खळबळून काढा. ते पाणी महाविद्यालयाच्या बागेत झाडांच्या आळ्यात ओतू नका, कारण झाडे मरतील. फळीवरचा डागही ओल्या स्पंजाने वारंवार धुवा, आणि शक्य असेल तर ती फळीच बदलून घ्या. काढलेली फळी चुलीत जाणार नाही हे स्वतः पाहा. पुन्हा कधी सांडले तर लाकडाचा भुसा, कापूस किंवा कागद न वापरता कोरडी वाळू टाकून गोळा करा. बाटली मोठ्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात उभी करून ठेवा, म्हणजे पाझरले तरी तिथेच राहील. तिच्या शेजारी गंधक, फॉस्फरस, धातूंची भुकटी, साखर, अमोनियमची मिठे आणि कोणतेही तीव्र आम्ल असता कामा नये. विशेषतः गंधकाम्लाची बाटली त्याच कपाटात असेल तर आजच हलवा, कारण त्या दोघांची गाठ पडली तर क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो आणि तो वायू स्वतःच स्फोटक असतो.

पऱ्हाटी (चोपडा)

मी कपाशी पिकवतो आणि कृषी पदविका झालेली असल्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. ताई, तुमच्या दिरांनी वाचले ते खोटे नाही. सोव्हिएत काळात उझबेकिस्तानच्या कापूस पट्ट्यात मॅग्नेशियम क्लोरेट हे पानगळ घडवण्याचे नेहमीचे रसायन होते. झाड क्लोरेटला नायट्रेट समजून आत घेते. नायट्रेटवर काम करणारे विकर (एन्झाइम) त्याच सवयीने क्लोरेटवर काम करते, त्यातून क्लोराइट तयार होते आणि ते पेशींना विषारी ठरते. मात्रा बेताची असेल तर इजा झालेले पान देठाच्या बुडाशी सुटून गळते. मात्रा वाढली तर पान तसे सुटण्याआधीच करपते आणि झाडाला चिकटून राहते. अशा पानांचा चुरा रुईत गेला की प्रत घसरते. जमिनीत नायट्रेट भरपूर असेल तर क्लोरेटचा परिणाम कमी होतो. म्हणजे एकाच शेतात खत जास्त पडलेल्या कोपऱ्यात एक आणि माळाच्या तुकड्यात दुसरेच दिसू शकते.

पण पान गाळायचे कशासाठी, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तिकडे यंत्राने एका फेरीत वेचणी करतात, आणि हिरवे पान राहिले तर त्याचा डाग रुईला लागतो व ओल वाढते. आपल्याकडे बाया हाताने वेचतात, फुटलेले बोंड तेवढे घेतात आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा त्याच सरीत येतात. पहिल्या वेचणीनंतर पान गाळले तर वरची कैरी, म्हणजे न फुटलेले हिरवे बोंड, पोसणार कोण? दोन सऱ्यांचा प्रयोगही त्या दोन सऱ्यांपुरता तोट्याचाच आहे.

याहून मोठी भीती मला नावाची वाटते. लाल्या, म्हणजे कपाशीची पाने लाल पडण्याची विकृती, दिसला की आपल्याकडे जो तो मॅग्नेशियम सल्फेटचा फवारा घेतो. तेही पांढरे खडे, त्यातही पाणी बांधलेले, आणि दुकानदारापासून सालदारापर्यंत सगळे त्याला नुसते ‘मॅग्नेशियम’ म्हणतात. सल्फेट पान हिरवे ठेवण्यासाठी मारायचे आणि क्लोरेट पान पाडते. एकदा ही बाटली शेतातल्या खोलीत गेली आणि तिच्यावरचा कागद निघाला, की पुढच्या हंगामात ती कोणत्या पंपात जाईल हे सांगता येणार नाही. बाजारात त्याच ओळीत मॅग्नेशियम क्लोराइडही असते, त्याच्यातही पाण्याचे सहाच रेणू. ‘राइड’ आणि ‘रेट’ एवढाच फरक असतो, आणि घाईत तो ऐकूही येत नाही.

जनावरांचेही सांगतो. क्लोरेट चवीला खारट असते, त्यामुळे फवारलेला पाला गुरे टाळत नाहीत, उलट चाटतात. वेचणी आटोपल्यावर आपण ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या पऱ्हाटीत सोडतो, त्या पोटात काय घेऊन जातील याचा विचार करा. क्लोरेटमुळे रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचे राहत नाही. रक्त चॉकलेटी रंगाचे होते, ओठ-हिरड्या निळसर पडतात आणि मूत्रपिंडेही जायबंदी होतात. माणसालाही हेच होते. युरोपीय संघात सोडियम क्लोरेटची तणनाशके २००९ मध्ये बाजारातून गेली. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे तणनाशक असो वा पानगळीचे औषध, नोंदणी आणि लेबल असल्याशिवाय ते पिकावर मारता येत नाही, आणि प्रयोगशाळेच्या बाटलीवर तसले लेबल नसते. दादांना एवढे एकच कारण सांगितले तरी पुरेसे आहे.

हंगाम लवकर संपवायचा असेल, गुलाबी बोंडअळीसाठी तो डिसेंबरअखेर संपवावाच, तर पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून टाकावी. त्यासाठी रसायन लागत नाही.

अनेरकाठ (शिरपूर तालुका)

सर्वांचे आभार. गिरणा दादांचा प्रतिसाद वाचला आणि लगेच महाविद्यालयात गेले. फडके गजावरच होते. कुपीने पाणी सोडत गेले तसतसे ते मऊ पडत गेले आणि पांढरी कड विरघळून खाली ओघळली, म्हणून खिडकीचा कट्टाही धुऊन घेतला. शिपाईमामांना आधी हसू आले, विजारीची गोष्ट सांगितल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा गमछाही धुवायला टाकला, कारण डाग पुसताना हात त्यालाच पुसले होते. मला ते लक्षातच आले नसते.

दिरांना लेबलाचे आणि मेंढ्यांचे कारण पटले. लाल्यासाठीचे सल्फेट आणि हे एकच का, असे त्यांनी विचारलेच, म्हणजे पऱ्हाटी दादांची भीती खरी होती.

आता दोन गोष्टी राहिल्या. बेरियमच्या बाटलीचे काय करावे, ती कोरडी आहे म्हणून ठेवून द्यावी का? आणि सर, ही सजल क्लोरेटे मुळात कोणत्या कामाला येत होती? प्राचार्यांना अहवाल द्यायचा आहे आणि ‘अज्ञात कारणासाठी मागवले’ असे लिहायला बरे वाटत नाही.

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर)

गमछ्याची गोष्ट अहवालात अवश्य लिहा.

बेरियम क्लोरेट मागवण्याचे कारण बहुधा ज्योत-परीक्षा किंवा एखाद्या प्रदर्शनातील हिरवी ज्योत हेच असावे. बेरियम आणि क्लोरीन एकत्र आले की ज्योतीला झळझळीत हिरवा रंग येतो आणि क्लोरेटच्या रूपात दोन्ही एकाच मिठातून मिळतात, म्हणून शोभेच्या दारूत त्याला एके काळी मोठा मान होता. पण घर्षणाला आणि आघाताला ते फार हळवे आहे. आपल्या देशात क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या फटाक्यांवर १९९२ पासून बंदी आहे आणि फटाक्यांत बेरियमची मिठे वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. शिवाय बेरियम क्लोरेट पाण्यात विरघळते, म्हणून ते विषारी आहे. क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला पाजतात ते बेरियम सल्फेट विरघळत नाही म्हणूनच पोटातून निरुपद्रवीपणे निघून जाते. तेव्हा तुमची दुसरी बाटली कोरडी असली तरी दोन्हींत अधिक घातक तीच आहे. ज्योत-परीक्षेला बेरियम क्लोराइड चालते (तेही विषारी, पण आगीचे भय नाही), क्लोरेट ठेवण्याचे काहीच कारण नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगतो. कॅल्शियम क्लोरेट हे पोटॅशियम क्लोरेटच्या जुन्या कारखानदारीतील मधला टप्पा होते आणि तणनाशक म्हणूनही वापरले गेले. तांब्याचे सजल क्लोरेट निळसर हिरव्या स्फटिकांचे, ते कापड-रंगाईत वापरत असत. स्ट्रॉन्शियमचे लाल ज्योतीसाठी चांगले, पण ओल इतकी ओढते की कोणी त्याच्या वाटेला फारसे गेले नाही. मॅग्नेशियमच्या क्लोरेटला मात्र अलीकडे वेगळ्याच कारणाने महत्त्व आले आहे. मंगळाच्या मातीत २००८ मध्ये ‘फीनिक्स’ यानाला परक्लोरेट (क्लोरेटहून एक ऑक्सिजन जास्त असलेले) सापडले आणि त्याच्या जोडीने क्लोरेटही असावे असे अभ्यासक मानतात. मॅग्नेशियम क्लोरेटचे दाट द्रावण उणे ६९ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, त्यामुळे तिथल्या थंडीतही खारे पाणी द्रव राहू शकेल का, या प्रश्नात हे मीठ येते. पाण्याची जी ओढ तुमच्या फळीला भोवली, तिच्यामुळेच हे घडते. विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी बाटली लागत नाही, नोंदवहीतील पेन्सिलीची ओळ पुरते.

गिरणा (जळगाव)

विल्हेवाटीपुरते लिहितो. दोन्ही बाटल्या मोरीत ओतणे, पुरणे किंवा जाळणे यांपैकी काहीही करू नये. ज्या पुरवठादाराकडून महाविद्यालय रसायने घेते त्याला परत घेण्याविषयी आधी लेखी विचारावे. तो नकार देईल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत संस्थेकडे सोपवावे लागेल. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी सामाईक केंद्रे आहेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातून मार्गदर्शन मिळते. दोन बाटल्यांसाठी गाडी येणार नाही, म्हणून आसपासच्या महाविद्यालयांतील जुनी रसायने एकत्र करून एकच यादी पाठवणे सोयीचे पडते.

वाहतूक डिसेंबर-जानेवारीत ठेवा. तेव्हा मॅग्नेशियमची बाटली गोठलेली असेल आणि बुचातून पाझरणार नाही. तोवर बाटलीवर मराठीत ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहून चिकटवा, ‘मॅग्नेशियम’ एवढेच लिहू नका.